चुकलेल्या शॉटांची खतावणी

26 ऑक्टोबर 2023 च्या सकाळी, टेक्सास संस्थानातील सॅन अँटोनियो शहरात अद्याप आदल्या दिवसाची रात्र चालू असताना, मी एक कोरी वही उघडून दूरचित्रवाणीसमोर बसलो आणि तिच्या पहिल्या पानावर पाच रकाने आखले. शॉट कोठून घेतला, चोवीस सेकंदांपैकी किती उरले असता घेतला, समोर कोण व किती अंतरावर उभा होता, चेंडू कोणाच्या हातून आला, आणि अखेरीस बास्केट झाली की शॉट चुकला, अशी ती मांडणी होती. शेवटचा रकाना मी मुद्दाम सर्वांत अरुंद ठेवला होता. ज्याच्यासाठी ही वही घातली तो व्हिक्टर वेम्बान्यामा त्या रात्री अमेरिकेच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, म्हणजे एनबीएच्या, दप्तरात दाखल झालेल्या आपल्या पहिल्या सामन्यासाठी मैदानात उतरत होता. त्याचे वय अवघे एकोणीस होते, उंची सात फूट चार इंच होती, आणि पसरलेल्या दोन बाहूंची लांबी आठ फुटांच्या घरात जात होती.

डॅलसविरुद्धचा तो सामना सॅन अँटोनियो स्पर्सने 126 विरुद्ध 119 असा गमावला. वेम्बान्यामाच्या नावे पंधरा गुण लागले. त्याने एकूण नऊ शॉट घेतले व त्यांपैकी सहा साधले, ही गोष्ट वृत्तपत्रांनी कौतुकाने छापली. परंतु माझ्या वहीत ज्या नोंदीखाली मी रेघ ओढली ती निराळी होती. नवांपैकी पाच शॉट त्याने तीन गुणांच्या रेषेबाहेरून घेतले होते. ज्याचा हात टाचा न उचलता रिंगच्या समीप पोहोचतो, त्याने आपल्या निम्म्याहून अधिक संधी रिंगपासून चोवीस फुटांवर खर्च कराव्यात, हा योग्य व्यवहार की उधळपट्टी, हा प्रश्न त्या दिवसापासून सहा महिने माझ्या सकाळी व्यापून राहिला, आणि त्याचे उत्तर जसजसे हाती येत गेले तसतसे मला कळत गेले की प्रश्नच मी थोडा चुकीचा विचारला होता.

हा मुलगा आला कोठून, ते आधी सांगितले पाहिजे. पॅरिसच्या पश्चिमेकडील ल शेने येथे 4 जानेवारी 2004 रोजी त्याचा जन्म झाला. आई बास्केटबॉल खेळलेली व शिकवणारी, वडील मैदानी खेळांतील उडीपटू. नाँतेर येथील संघाच्या बालशाखेत तो दहाव्या वर्षी दाखल झाला. उंच मुलाला लहानपणीच रिंगखाली उभे करून ठेवण्याचा, आणि चेंडू हाताळण्याचे काम ठेंगण्यांकडे सोपविण्याचा जो जुना शिरस्ता जगभर आहे, त्याच्या बाबतीत तो पाळला गेला नाही. त्याला ड्रिबल करू दिले, दुरून शॉट मारू दिले, पास देऊ दिले. पुढे 2022-23 च्या हंगामात मेट्रोपोलिटन्स 92 या संघाकडून खेळताना तो फ्रेंच लीगमधील सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू झाला. त्याच सुमारास, ऑक्टोबर 2022 मध्ये, नेवाडातील हेंडरसन येथे झालेल्या दोन प्रदर्शनीय सामन्यांत त्याने 37 व 36 गुण मिळवले, आणि पहिल्या सामन्यात तर तीन गुणांच्या सात बास्केट केल्या. अमेरिकेने त्याला प्रथम डोळे भरून पाहिले ते हे असे पाहिले. परंतु फ्रान्समधील त्याच्या एकंदर दूरच्या शॉटांची खतावणी ज्याने उघडून पाहिली असेल, त्याला यशाचे प्रमाण शेकडा तिसांच्याही खाली आढळले असेल. शिवाय युरोपातील ती रेषा रिंगपासून पावणेसात मीटरवर असते; एनबीएमध्ये ती सव्वासात मीटरच्या जवळ जाते. म्हणजे जो शॉट त्याला घरीच पुरतेपणी वश झालेला नव्हता, तोच शॉट त्याला परक्या मुलुखात अर्धा मीटर मागे सरून घ्यावयाचा होता.

आता शॉटची निवड म्हणजे काय, याची थोडी फोड केल्याविना पुढे जाता येत नाही. शॉटचे मोल तो बसला की चुकला यावरून ठरत नाही. तो हातातून सुटण्याच्या क्षणी त्यापासून सरासरीने किती गुणांची अपेक्षा धरता येत होती, यावरून ठरते. वेम्बान्यामाच्या पहिल्या हंगामाचाच हिशेब घ्या. तीन गुणांचे शॉट त्याने सामन्यागणिक साडेपाच घेतले व त्यांपैकी शेकडा साडेबत्तीस साधले. म्हणजे अशा प्रत्येक शॉटामागे संघाच्या पदरात सुमारे 0.97 गुण पडला. दोन गुणांचे शॉट तो शेकडा त्रेपन्नांच्या आसपास साधत होता. तेथे प्रत्येकी 1.07 गुणाची प्राप्ती. आणि फाऊल होऊन मुक्त फेकी मिळाल्या तर, त्यांतील त्याचे प्रमाण शेकडा 79.6 असल्यामुळे, दोन फेकींच्या जोडीमागे जवळजवळ 1.6 गुण. हा ताळेबंद कोणाही कारकुनाला वाचता येईल असा आहे: रिंगकडे जाण्यात लाभ, रेषेबाहेर थांबण्यात तोटा. त्या वर्षी लीगमध्ये तीन गुणांच्या शॉटांची सरासरीच शेकडा साडेछत्तीस होती, त्यामुळे त्याचा हा शॉट सरासरीहूनही उणा होता हे उघड आहे.

तोट्याची आणखी एक बाजू आकड्यांत सहसा येत नाही. सर्वांत उंच खेळाडू रेषेबाहेरून शॉट घेतो तेव्हा चुकलेला चेंडू परत मिळवण्यासाठी रिंगखाली जो असावयाचा तोच तेथे नसतो. फ्रान्समधील एका सामन्यात त्याने दुरून मारलेला स्वतःचाच शॉट चुकत आहे असे पाहून झेप घेतली व परतणारा चेंडू हवेतच पकडून रिंगमध्ये कोंबला. ते दृश्य जगभर फिरले. परंतु चमत्काराच्या भरवशावर संसार चालत नाही, आणि प्रत्येक चुकलेल्या शॉटामागून कोणी अशी झेप घेऊ शकत नाही.

तर मग त्याला मना का केले नाही? स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच हे 1996 पासून त्या गादीवर होते. त्यांच्या कारकिर्दीत संघाने 1999, 2003, 2005, 2007 व 2014 अशी पाच अजिंक्यपदे मिळवली होती, आणि चुकीच्या शॉटाबद्दल भल्याभल्यांची जाहीर झाडाझडती घेण्याविषयी त्यांची ख्याती होती. अशा माणसाने या मुलाला जवळजवळ मोकळी मुभा दिली. त्याला साच्यात बसवण्यापूर्वी तो काय काय करू शकतो ते आम्हांला पाहावयाचे आहे, अशा आशयाचे ते हंगामाच्या आरंभी बोलत असत. कित्येकांना ही ढिलाई वाटली. मला ती वाटली नाही, आजही वाटत नाही. नवीन जमीन हाती आली असता शेतकरी पहिल्याच पावसात एकाच पिकावर सारा भार टाकीत नाही; कोठे पाणी साचते, कोठे माती हलकी आहे, हे तो एक हंगाम पाहून घेतो, आणि त्यात बियाणे थोडे वाया जाते ते तो जाणूनबुजून जाऊ देतो.

मात्र पाहणी करणाऱ्याने जमीन जशी आहे तशी पाहिली पाहिजे, आणि येथे पहिले सहा आठवडे एक मोठे वैगुण्य राहून गेले. वेम्बान्यामाला पॉवर फॉरवर्डच्या जागी खेळवले जात होते व सेंटरच्या जागी, म्हणजे रिंगच्या निकट, झॅक कॉलिन्स असे. त्याच वेळी जेरेमी सोहान या मुळात फॉरवर्ड असलेल्या तरुणाकडे पॉइंट गार्डचे, म्हणजे चेंडू पुढे आणून चाल रचण्याचे, काम प्रयोगादाखल सोपवलेले होते. या दोन तजविजींचा परिणाम काय झाला तो मी माझ्या चौथ्या रकान्यात, चेंडू कोणाच्या हातून आला या रकान्यात, दिवसेंदिवस वाचीत होतो. रिंगखालची जागा आधीच एका मोठ्या देहाने व त्याच्या पहारेकऱ्याने अडलेली. तेथे वेम्बान्यामा शिरावयास जावा तर तेथला पहारेकरीही त्याच्यावर धावून यावयाचा. वजनाने तो 210 पौंड भरत असे, आणि प्रतिपक्षाचे ठेंगणे पण धष्टपुष्ट गडी त्याच्या मांड्यांना खांदा लावून त्याला फूटभर, दोन फूट मागे रेटीत असत. तो हात वर करून उभा राही, आणि त्याच्या हाताच्या उंचीवर चेंडू फेकण्याचा जो क्षण असतो, तो येऊन निघून जाई. कारण चेंडू ज्याच्या हाती होता त्याला तो क्षण ओळखण्याची सवय नव्हती. तीनदा चारदा असे झाले की मग तो थकून, किंवा कंटाळून, रेषेबाहेर येई, तेथे त्याला चेंडू मिळे, आणि तो शॉट मारी. पाहणारा म्हणे, पाहा, मुलाने पुन्हा वाईट शॉट निवडला. वस्तुतः त्याने निवडला नव्हता. सर्व वाटा बंद झाल्यावर जी उरली ती त्याने धरली होती.

त्याच्या सर्वच चुकांवर मी हे पांघरूण घालीत नाही. घड्याळात अठरा सेकंद उरलेले असता, चार सहकारी अद्याप आपापल्या जागी पोहोचले नसता, एका ड्रिबलवर थांबून रेषेच्या एक पाऊल मागून त्याने मारलेले शॉट माझ्या वहीत पुष्कळ आहेत, आणि त्यांचा जाब दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही. एका पायावर झुकून घेतलेले शॉटही तसेच. चेंडू हरवण्याचे त्याचे प्रमाणही जड होते: सामन्यामागे 3.9 सहाय्यक पास, तर 3.7 वेळा चेंडू गमावणे. याचे कारण मात्र बरेचसे शरीराच्या मापातच आहे. सव्वासात फुटांच्या माणसाच्या हातून जमिनीवर आपटलेल्या चेंडूला परत हातापर्यंत येण्यास जो प्रवास करावा लागतो तो सहा फुटी गार्डच्या चेंडूपेक्षा कितीतरी लांबचा असतो, आणि त्या प्रवासात चपळ हात मध्ये घालण्यास प्रतिपक्षाला भरपूर अवकाश मिळतो. खाली वाकून, चेंडू गुडघ्याशी राखून चालण्याची विद्या अशा माणसाला फार उशिरा व फार कष्टाने साध्य होते.

सुरुवातीलाच सारे काळोखे होते असेही नाही. जुलैमध्ये लास वेगास येथील उन्हाळी सामन्यांत पहिल्याच दिवशी त्याने तेरा शॉटांपैकी दोनच साधले आणि हसणारे हसले. दुसऱ्याच सामन्यात त्याने 27 गुण केले. 2 नोव्हेंबर रोजी फिनिक्स येथे, आपल्या पाचव्या सामन्यात, त्याने 38 गुण मिळवले आणि स्पर्स 132 विरुद्ध 121 असे जिंकले. प्रतिपक्षाने मोठी पिछाडी भरून काढून 116 वर बरोबरी साधली असता शेवटचा घाव याच मुलाने घातला. त्यानंतर मात्र ओळीने अठरा पराभव आले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत एकही विजय नाही, अशा काळात एकोणीस वर्षांच्या मुलाच्या शॉटांची निवड आणखी बिघडावी, प्रत्येक वेळी एकट्याने सामना फिरवण्याचा मोह त्याला व्हावा, हे स्वाभाविक होते. माझ्या वहीच्या त्या पानांत मला जे दिसले ते उलट होते. तो चिडे, पण शॉटांची संख्या फुगली नाही; उलट कोपऱ्यात मोकळा असलेला सहकारी त्याला लवकर दिसू लागला.

8 डिसेंबर रोजी शिकागोविरुद्ध पॉपोविच यांनी त्याला सेंटरच्या जागी उभे केले. त्या दिवशी त्याने 21 गुण व 20 रिबाउंड मिळवले. सामना तरीही हरला. जानेवारीच्या आरंभी ट्रे जोन्स हा खरा पॉइंट गार्ड पहिल्या पाचांत आला. मला या हंगामातील सर्वांत मोलाच्या घटना त्या दोन वाटतात, 38 किंवा 40 गुणांच्या रात्री नव्हेत. जोन्सची उंची सहा फूट एक इंच. कौशल्य दिपवणारे नाही, पण चेंडू कोणाला, केव्हा, किती उंचीवर द्यावा याचे भान पक्के. सेंटरच्या जागेवरून वेम्बान्यामा सहकाऱ्यासाठी आडवा उभा राही, मग वळून मोकळ्या झालेल्या मधल्या वाटेने रिंगकडे धावे, आणि जोन्स चेंडू रिंगच्याही वर, जेथे दुसऱ्या कोणाचा हात पोहोचत नाही अशा जागी, अलगद सोडून देई. पिक अँड रोल ही चाल शाळेच्या मैदानावरही शिकवतात. तीत नवे काही नव्हते. नवे एवढेच की आता तिच्या दोन्ही टोकांना योग्य माणसे होती. त्याच मुलाच्या, त्याच हातांच्या, त्याच बुद्धीच्या शॉटांची निवड काही आठवड्यांत पालटलेली दिसू लागली, आणि माझा मूळ प्रश्न चुकीचा होता हे मला तेथे उमगले. शॉट घेणाऱ्याच्या निवडीतील अर्धी निवड पास देणाऱ्याने आधीच केलेली असते, आणि उरलेल्या अर्ध्यातील बराच भाग त्याला मैदानात कोठे उभे केले आहे यानेच ठरतो. नवोदिताच्या नावावर आपण जे चुकलेले शॉट मांडतो, त्यांतील कित्येक नोंदी वास्तविक दुसऱ्यांच्या खाती वर्ग व्हावयास हव्यात.

त्यानंतरचा काळ आकड्यांनी भरलेला आहे व तो मी थोडक्यात सांगतो. पाऊल मुरगळल्यामुळे त्याच्या खेळण्यावर मिनिटांची मर्यादा घातलेली असता, 10 जानेवारी 2024 रोजी डेट्रॉइट येथे केवळ 21 मिनिटांत 16 गुण, 12 रिबाउंड व 10 सहाय्यक पास. 12 फेब्रुवारीस टोरांटो येथे 27 गुण, 14 रिबाउंड व प्रतिपक्षाचे दहा शॉट ब्लॉक. 29 मार्चला न्यूयॉर्कविरुद्ध, जादा वेळेत जिंकलेल्या सामन्यात, 40 गुण व 20 रिबाउंड. हंगामअखेर 71 सामन्यांत सरासरी 21.4 गुण, 10.6 रिबाउंड, आणि साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक म्हणजे 3.6 ब्लॉक. सर्वोत्तम नवोदिताचा मान त्याला एकमताने मिळाला, सर्व 99 मते त्याची. आणि बचावपटूंच्या पहिल्या पंचकात निवड झालेला तो पहिलाच नवोदित ठरला. तरीही संघाच्या नावे 22 विजय व 60 पराभव लागले, आणि तो येण्यापूर्वीच्या वर्षीही नेमके 22 विजय व 60 पराभव होते. ज्यांना केवळ शेवटचा रकाना वाचता येतो त्यांनी यावरून काय निष्कर्ष काढला असेल, तो सांगावयास नको.

येथे मला दुसऱ्या एका नवोदिताची आठवण होते. 12 मे 1997 रोजी सॉल्ट लेक सिटी येथे, युटाविरुद्धच्या बाद फेरीच्या पाचव्या सामन्यात, लॉस एंजेलिस लेकर्सचे प्रशिक्षक डेल हॅरिस यांनी बरोबरीच्या अवस्थेत शेवटचा चेंडू अठरा वर्षांच्या कोबी ब्रायंटच्या हाती दिला. त्याचा शॉट रिंगलाही लागला नाही. जादा वेळेत त्याने आणखी तीन शॉट घेतले आणि तेही रिंगपर्यंत न पोहोचता खाली पडले; लेकर्स 98 विरुद्ध 93 असे हरून स्पर्धेबाहेर गेले. त्या चार शॉटांवर त्या काळी पुष्कळ शाई खर्ची पडली. ते शॉट ज्याने बारकाईने पाहिले त्याला एक गोष्ट दिसली असेल: दिशा चुकलेली नव्हती, चेंडू आखूड पडत होता. शाळेच्या लहान हंगामातून थेट ब्याऐंशी सामन्यांच्या हंगामात आलेल्या मुलाच्या पायांतले बळ मे महिन्यापर्यंत सरले होते. त्याला दुरून मारू नको असे सांगण्यात अर्थ नव्हता. त्याचे पाय बळकट करावयास हवे होते, आणि ते त्याने त्या उन्हाळ्यात केले. नेम चुकणे, बळ कमी पडणे आणि विवेक चुकणे या तीन निरनिराळ्या व्याधी आहेत. गुणफलकावर मात्र तिन्हींची नोंद एकाच अक्षराने होते, आणि घाईने औषध देणारे वैद्य तेथेच फसतात.

वेम्बान्यामाच्या बाबतीत नेमाची व्याधी मला कधी गंभीर वाटली नाही, आणि याला माझ्यापाशी एक दाखला होता. मुक्त फेकीच्या रेषेवर, समोर कोणी नसता, अंतर ठरलेले असता, तो पाचांपैकी चार फेकी साधत होता. या खेळातील जुने जाणकार तरुणाच्या दूरच्या शॉटाचे भवितव्य सांगताना मुक्त फेकीकडे पाहतात ते याचसाठी की तेथे मनगट व कोपर यांची शुद्ध अवस्था प्रकट होते. जे हात पंधरा फुटांवर सरळ आहेत ते चोवीस फुटांवर आज ना उद्या सरळ होतील, अशी आशा धरण्यास तो पुरावा पुरेसा होता. म्हणून पॉपोविच यांनी दिलेली मुभा मला ढिलाई न वाटता दूरदृष्टी वाटली. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार एकच आहे, आणि ती मी आजही मागे घेत नाही: खऱ्या पॉइंट गार्डशिवाय त्या मुलाचे पहिले दोन महिने त्यांनी जाऊ दिले. प्रयोग सोहानवर होता, पण त्याचा खर्च वेम्बान्यामाच्या खात्यावर पडला.

पुढच्या वर्षी, 2024-25 मध्ये, त्याने दूरचे शॉट कमी केले नाहीत; सामन्यागणिक साडेपाचांवरून ते 8.8 वर गेले, आणि यशाचे प्रमाण शेकडा 35.2 झाले. म्हणजे प्रत्येक शॉटामागे 1.06 गुण. पहिल्या वर्षी रिंगजवळ जाऊन दोन गुणांच्या शॉटांतून तो जेवढे मिळवीत होता, जवळजवळ तेवढेच आता तो रेषेबाहेरून मिळवू लागला होता. उजव्या खांद्यातील रक्ताच्या गुठळीमुळे त्याचा तो हंगाम फेब्रुवारीत 46 सामन्यांवर थांबला, म्हणून या आकड्यांना पुऱ्या वर्षाचे वजन देता येत नाही. तरी त्यांची दिशा स्पष्ट आहे.

त्या हंगामापूर्वी, जुलै 2024 मध्ये, स्पर्सने एक करार केला होता. ज्याला त्यांनी आणले तो ख्रिस पॉल वयाने एकोणचाळीस वर्षांचा होता, आणि चेंडू कोणाला, केव्हा, किती उंचीवर द्यावा हेच त्याचे आयुष्यभराचे काम होते. त्या वर्षीच्या सर्व ब्याऐंशी सामन्यांत तो पहिल्या पाचांत उतरला.